चार मुलांचा एक प्रौढ

टिकाऊपणा हा कुठल्याही सुसंस्कृत समाजाचा पाया असतो, आणि या बाबतीत आमचं शहर बराच काळ बदनाम होतं. आमचे रस्ते डांबर वाळायच्या आत उखडायचे. पुलाचे कठडे उद्घाटनाच्या फितीपाठोपाठ गळून पडायचे. शाळेतल्या बाकांचे पाय, बसथांब्यांची छपरं, निवडणुकीतली वचनं, यातलं काही म्हणून दुसऱ्या वर्षी जागेवर सापडत नसे. अशा शहरात एखादी वस्तू अशी निघावी की जी उन्हाने आटत नाही, आगीला दाद देत नाही, उकळून मरत नाही आणि पोटात गेल्यावर पचतही नाही, ही अभिमानाचीच गोष्ट म्हणायला हवी. आम्ही तसं म्हटलं नाही, कारण ती आपल्याकडे आहे हेच बरीच वर्षं आम्हाला ठाऊक नव्हतं.

ही वस्तू आमच्या पिण्याच्या पाण्यात आहे.

मी शहराच्या पाणीपुरवठा खात्यात प्रसिद्धी अधिकारी आहे. पाणी सोडणारे वेगळे, पाणी तपासणारे वेगळे. मी पाण्याबद्दल बोलतो. (खात्यातला सर्वांत अखंड पुरवठा माझाच, असं आमच्याकडचे लोक म्हणतात. कौतुकाने म्हणत असावेत.) तेव्हा जे सांगतोय ते अधिकृत आहे.

नदीच्या वरच्या अंगाला एक कारखाना आहे. तिथे तव्यांना, रेनकोटांना आणि सोफ्याच्या कापडाला असा लेप देतात की त्यावर कशाचा म्हणून डाग राहत नाही. ऑम्लेट तव्यावरून घसरतं, पाणी कोटावरून घसरतं, आणि कारखान्याचं सांडपाणी घसरत घसरत नदीत येतं. नदीतून ते आमच्या टाकीत, टाकीतून नळात. ज्या पदार्थामुळे तव्याला काही चिकटत नाही, तो माणसाला मात्र घट्ट चिकटून बसतो, असं प्रयोगशाळेने कळवलं. त्यांनी त्याचं रासायनिक नावही कळवलं होतं, पण ते साहेबांना एका श्वासात म्हणता येईना. मग सर्वानुमते ‘चिरंजीव द्रव्य’ हे नाव ठरलं. कागदोपत्री ‘चि. द्रव्य’ असं लिहितात, त्यामुळे ते कोणाच्या तरी घरचंच लेकरू वाटतं आणि वाचणारा दचकत नाही.

आता हे पाणी सुरक्षित आहे की नाही? सामान्य माणसाची समजूत अशी असते की, हे पाण्याकडे पाहून ठरतं. ते मर्यादेकडे पाहून ठरतं, आणि मर्यादा ठरवायला एक माणूस लागतो. हा माणूस आमच्या नियमावलीत आहे. त्याला ‘प्रमाण व्यक्ती’ म्हणतात. वजन सत्तर किलो, दिवसाला दोन लिटर पाणी, प्रकृती ठणठणीत. तो कधी गरोदर राहत नाही, उन्हातून आला तरी घटाघटा पीत नाही आणि त्याने आजवर एकही तक्रार केलेली नाही. माझ्या सगळ्या नोकरीत हा गृहस्थ मला एकदाही भेटला नाही, पण शहरातला प्रत्येक नळ त्याच्यासाठी वाहतो. त्याला जेवढं चि. द्रव्य सोसतं, त्याहून केसभर कमी आमच्या पाण्यात निघालं. खात्यात त्या दिवशी दुपारचा चहा दोनदा आला. मी लगेच पत्रक काढलं: ‘पाणी मर्यादेत. नागरिकांनी नेहमीप्रमाणे प्यावे.’

इथवर सगळं सुरळीत होतं. पण मला एक बहीण आहे.

माझी ही धाकटी बहीण प्राथमिक शाळेत शिकवते आणि तिची मुलगी चिंगी त्याच शाळेत पहिलीत आहे. (बहीण शाळेत तिची बाई आणि घरी तिची आई, चिंगी दोन्ही ठिकाणी तिचं ऐकत नाही.) पत्रक छापून आलं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बहीण तडक माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं आणि चेहरा मुलांच्या वह्या तपासतानाचा होता.

“दादा, ही तुमची प्रमाण व्यक्ती किती किलोची?”

“सत्तर.”

“माझ्या वर्गात एकही पोरगं सत्तर किलोचं नाही.”

“अगं, पहिलीचा वर्ग आहे तो.”

“तेच सांगतेय मी! चिंगी अठरा किलोची आहे. तुमचा हा पैलवान जे पचवतो, ते तिने कसं पचवायचं?”

“पाणी सगळ्यांना सारखंच आहे,” मी म्हणालो. हे वाक्य आमच्या खात्याच्या दारावर लिहिलेलं आहे.

“पाणी सारखं आहे रे, पोट आहे का सारखं? आणि तहान बघ तिची. खेळून आली की नळाला तोंड लावते ते ओढून काढावं लागतं. किलोमागे हिशेब केलास तर तुझ्या त्या माणसापेक्षा दुपटीने पीत असेल ती. तान्ह्या बाळांचं तर विचारूच नकोस, त्यांचं जेवणच पाण्यात कालवलेलं!”

मी तिला नियमाप्रमाणे प्रश्न लेखी द्यायला सांगितलं. तिने कात्रणाच्या पाठीवर, माझ्याच टेबलावर, माझ्याच पेनाने तो लिहिला आणि पेन पर्समध्ये टाकून निघून गेली.

आमच्या खात्याबद्दल लोक काहीबाही बोलतात, पण एक मान्य करावं लागेल: आलेला प्रश्न आम्ही तसाच सोडत नाही, त्यावर समिती नेमतो. ‘बालकांच्या अपुऱ्या वजनाबाबत समिती’ आठवडाभरात बसली. तीत साहेब होते, एक अभियंता होते, क्रीडा विभागाचे एक प्रशिक्षक होते आणि प्रसिद्धीसाठी मी. समितीत मुलांचं प्रतिनिधित्व असावं असा मुद्दा निघाला, तेव्हा साहेबांनी स्वतःचा लहानपणीचा फोटो आणून टेबलावर उभा केला. (फोटोतलं मूल चांगलं गुटगुटीत होतं. त्याने एकदाही हरकत घेतली नाही.)

पहिली सूचना आली, पाण्यातून द्रव्य काढून टाकावं. ती फेटाळण्यात आली, कारण पाणी पास झालेलं होतं. पास झालेल्याला पुन्हा परीक्षेला बसवणं हा अन्याय आहे. दुसरी सूचना, शाळेला डोंगरावरच्या तलावाचं पाणी द्यावं. हे पाणी कारखान्याच्या वरून येतं आणि फक्त अधिकारी वसाहतीत जातं. (मी वसाहतीतच राहतो. पाणी गोड आहे.) त्याची वाहिनी शाळेच्या कुंपणाखालूनच गेलेली आहे, एक जोड मारला की काम झालं, असं अभियंता बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली. साहेबांनी शांतपणे विचारलं, तलावाचं पाणी कधी तपासलंय का? नव्हतं तपासलं. मग जे तपासलेलंच नाही ते लहान मुलांना पाजायचं? छे छे! तिसरी सूचना मुलांचं वजन वाढवण्याची होती. प्रशिक्षकांनी त्यासाठी दहा-बारा वर्षांची मुदत मागितली.

समिती अशी अडकून बसलेली असताना साहेबांनी चष्मा काढला. साहेबांनी चष्मा काढला की, खात्यात काहीतरी घडतं.

“मर्यादा व्यक्तीसाठी आहे,” साहेब म्हणाले. “बरोबर?”

“बरोबर, सर.”

“व्यक्ती एकाच तुकड्यात असली पाहिजे, असं नियमावलीत कुठे म्हटलंय?”

शोधून पाहिलं. खरंच कुठे म्हटलेलं नव्हतं.

‘संयुक्त प्रौढ योजना’ जन्माला आली ती अशी. साधारण साडेसतरा किलोची चार मुलं एकत्र केली की सत्तर किलो भरतात; म्हणजे प्रमाण व्यक्ती तयार होते. ही व्यक्ती दिवसाला दोन लिटर पाणी निर्धास्त पिऊ शकते. गणित अचूक होतं. मी घरी जाऊन पुन्हा करून पाहिलं, कुठेही चूक नव्हती. जगात एवढं बिनचूक आणि एवढं वेडगळ असं एकाच वेळी काही असू शकतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

योजनेची सुरुवात बहिणीच्याच शाळेपासून झाली. गोदामातला पोती तोलायचा काटा आणून व्हरांड्यात ठेवला. मुलं एकेक करून वर चढत, शिपाई वजन ओरडून सांगत असे आणि मुख्याध्यापक जुळणी करत. ज्यांची बेरीज जमली, त्यांच्या मनगटांवर एकाच रंगाची फीत बांधली जाई. चिंगीच्या वाट्याला तीन मुलं आली: गोलू, जो एकटाच सव्वीस किलोचा होता, काडी, जिचं वजन काट्याने दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं, आणि एक बोबडा मुलगा, ज्याला सगळे ‘पोपट’ म्हणत. चौघांना मिळून हिरवी फीत. शाळेच्या दृष्टीने तो आता एक पुरुष होता. (प्रमाण व्यक्ती पुरुष आहे. बहिणीने हरकत घेतली. तो विषय दुसऱ्या समितीकडे आहे.)

पाणी पिण्याची पद्धतही ठरवून दिली. चौघांनी नळापाशी हात धरून उभं राहायचं, म्हणजे देह अखंड राहतो. एकजण पिताना बाकीच्यांनी हात सोडायचा नाही. कोणी मध्येच लघवीला गेलं तर पिणं थांबवायचं, कारण उरलेले तिघे ‘अपूर्ण प्रौढ’ ठरतात आणि अपूर्ण प्रौढाने पाणी पिणं मर्यादेचा भंग आहे. पहिल्याच आठवड्यात सर्दीची साथ आली आणि निम्मे प्रौढ अपूर्ण होऊन तहानेने रडायला लागले. खात्याने तत्परतेने सुधारणा केली: गैरहजर मुलाच्या जागी दप्तर चालेल. दप्तर मुलाच्या अंगावरून सहसा उतरत नाही, सबब ते देहाचाच भाग आहे, असा निर्वाळा मी स्वतः लिहिला. काही दप्तरं त्यांच्या मालकांपेक्षा सुदृढ निघाली. पहिलीतली दोन मुलं आणि त्यांची दोन दप्तरं, एवढ्यात काम भागू लागलं.

यश डोळ्यांत भरण्यासारखं होतं. सहामाहीअखेर शाळेत एकशे बारा संयुक्त प्रौढ आणि सात अपूर्ण प्रौढ होते, शिवाय कुठल्याच बेरजेत न बसणारी दोन मुलं. (त्या दोघांना घरून पाणी आणायला सांगितलं. घरीही तेच पाणी येतं, पण घर योजनेच्या कक्षेबाहेर आहे.) इतर शहरांतून शिष्टमंडळं आली. त्यांनी हात धरून पाणी पिणाऱ्या मुलांचे फोटो काढले आणि ‘किती ही शिस्त!’ म्हणून माना डोलावल्या. आम्हाला एक ढालही मिळाली. ती साहेबांच्या केबिनमध्ये पाण्याच्या जारशेजारी आहे. (जारचं पाणी बाहेरून येतं.)

बहिणीला मात्र या कशाचंच कौतुक नव्हतं. ती घरी पाणी उकळत होती. मी तिला समजावलं की, उकळून पाणी कमी होतं, द्रव्य तेवढंच राहतं. म्हणजे तू ते उलट दाट करत्येस. तिने पातेलं धाडकन ओट्यावर आपटलं.

“मग करू काय मी? सांग ना! तू पाण्याचा अधिकारी आहेस ना?”

“मी प्रसिद्धीचा आहे,” मी म्हणालो.

हिवाळ्यात चिंगी सारखी आजारी पडायला लागली. एक ताप गेला की दुसरा हजर. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासायला पाठवलं, आणि त्यात चि. द्रव्य निघालं. थोडंथोडकं नव्हतं. बाईंनी बहिणीला जे सांगितलं ते बहिणीने मला जसंच्या तसं ऐकवलं. हे अंगात मुरतं. निघायला वर्षं लागतात. त्यावर औषध नाही. लहान अंगात जास्त साठतं, आणि लस टोचली तरी अंग ती हवी तेवढी मनावर घेत नाही. ताप त्याचेच की आणखी कशाचे, हे छातीठोक सांगता येत नाही. पण करण्यासारखं एकच आहे: आत जाणं थांबवा.

बहिणीने तो रिपोर्ट खात्याला पाठवला. उत्तर द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण उत्तरं माझ्याकडेच येतात. मी लिहिलं: ‘सदर बालिका ही स्वतंत्र व्यक्ती नसून एका संयुक्त प्रौढाचा चतुर्थांश आहे. तरी तिच्या रक्तातील प्रमाणास चारने भागावे. भागाकार मर्यादेत येतो.’ साहेब खूश झाले. मीही झालो असेन. आमच्याकडे चांगलं वाक्य जमलं की आधी समाधान वाटतं आणि मग अर्थ कळतो.

संध्याकाळी बहीण आली. ती ओरडली नाही, त्यामुळे मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

“तुझ्या भाचीचं रक्त आहे ते, दादा,” ती म्हणाली. “अपूर्णांक नाही.”

आणि ती गेली. ही चिंगी मी मांडीवर खेळवलेली. माझ्या पाठीवर बसून तिने माझा चष्मा दोनदा मोडलाय. त्या एवढ्याशा जिवात ते काहीतरी मुरून बसलंय आणि मी त्याला चारने भागतोय, हे मला प्रथमच दिसलं, आणि मी चांगलाच घाबरलो.

घाबरलेला सरकारी माणूस जे करतो तेच मी केलं: गुपचूप स्वतःपुरती सोय. रोज सकाळी वसाहतीतल्या माझ्या नळावरून एक बाटली भरायची आणि कार्यालयात जाताना चिंगीच्या हातात द्यायची. “हे फक्त तू प्यायचं. नळाचं नाही. कोणाला सांगायचं नाही.” तिने मान डोलावली. दोन-तीन आठवड्यांनी एकदा मधल्या सुट्टीत काही कामाने शाळेत गेलो, तर हिरव्या फितीचे चौघे पायरीवर बसले होते. मध्ये माझी बाटली. चिंगी तिच्या झाकणाने पाणी मोजून देत होती: एक झाकण गोलूला, एक काडीला, एक पोपटाला, एक स्वतःला, की पुन्हा गोलूला. तळाचं उरलंसुरलं काडीला मिळालं, कारण ती बारीक होती.

मी तिला बाजूला घेतलं. “चिंगे, काय सांगितलं होतं मी? हे तुझ्या एकटीसाठी आहे.”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मलाच काही कळत नाही.

“मामा, असं काय रे? आम्ही चौघं मिळून एक माणूस आहोत ना? तूच तर लिहिलंयस. मग मी एकटी कशी पिणार?”

त्या दिवशी मी एकही पत्रक काढलं नाही. माझ्या पदावरच्या माणसाच्या बाबतीत ही गंभीर गोष्ट आहे.

तिकडे बहिणीने नियमावली वाचून काढली होती. तीत एक कलम आहे: शंभर प्रौढांनी हरकत घेतली, तर खात्याला जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. शाळेत प्रौढ किती? एकशे बारा, आणि ते प्रौढ आहेत हे खात्याने सही-शिक्क्यानिशी मान्य केलेलं. तिने एकशे बारा अंगठे उठवून घेतले (प्रत्येक प्रौढाचा एकच) आणि मागणी एका ओळीत लिहिली: तलावाच्या वाहिनीला जोड मारून शाळेला पाणी द्या. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्या दिवशी काही घडलं नाही. सुनावणी लागली.

आमच्या जाहीर सुनावणीची एक जुनी पद्धत आहे. सभागृहात माणसं मोजत नाहीत, खुर्च्या मोजतात. माणसं उठतात, बसतात, चहाला जातात, मागच्या दाराने सटकतात. खुर्च्या रांगेत असतात आणि शब्दाच्या पक्क्या असतात. ज्या खुर्चीतून हात वर होईल ती हरकतीची, बाकीच्या पाण्याच्या. सुनावणीच्या आधी गाडीवर कर्णा लावून गल्लोगल्ली पुकारा झाला, घरोघर पत्रकं गेली, आणि खरं सांगायचं तर शहर हळहळलं होतं. चिंगीचं प्रकरण सगळ्यांना माहीत होतं. दुकानात, बसमध्ये, न्हाव्याकडे लोक मला थांबवून सांगत, “अहो, मुलांच्या जिवाशी खेळ आहे हा! आम्ही येणार म्हणजे येणारच.” त्या भरवशावर चारशे खुर्च्या मांडल्या.

मुलं आली. एकशे बारापैकी चाळीस प्रौढ आले; बाकीच्यांच्या आईवडिलांना त्यांना सोडायला वेळ नव्हता. एका प्रौढाला एकच खुर्ची, असं साहेबांनी जाहीर केल्यावर चारचार पोरं एकेका खुर्चीवर चढली. कोणी मांडीवर, कोणी दांड्यावर, कोणी पाठीच्या फळीला लोंबकळत. चिंगीचा एक पाय खुर्चीवर होता आणि एक जमिनीवर, आणि तिने पोपटाची कॉलर घट्ट धरून ठेवली होती. मोठ्या माणसांत माझी बहीण होती, डॉक्टरीणबाई होत्या, गोलूचे वडील कामावर खाडा करून आले होते, आणि आणखी पंधराएक पालक. बाकी सभागृह रिकामं होतं.

न आलेल्यांची कारणं माझ्याकडे नंतर जमा झाली. ती सगळी रास्त होती. कोणाकडे पाहुणे होते. कोणाची गाडी पंक्चर झाली. बऱ्याच जणांना वाटलं, एवढे लोक जातीलच, आपण एक नसलो तर काय बिघडतं. काहींनी घरीच पाण्याचं यंत्र बसवून घेतलं होतं, त्यामुळे त्यांना फक्त वाईट वाटत होतं. आणि बरेच जण कारखान्यात कामाला होते.

हरकतीसाठी हात वर करायला सांगितलं. एका प्रौढाचे चारचार हात वर गेले, त्यावरून थोडा गोंधळ झाला; मग प्रत्येक खुर्चीचा एकेकच हात धरायचं ठरलं. हिरव्या फितीतर्फे चिंगीने हात वर केला. तो इतका ताणून धरला होता की खांद्यातून निखळतोय की काय असं वाटत होतं. माझं काम खुर्च्या मोजण्याचं. मी पहिल्या रांगेपासून मोजत आलो, चिंगीच्या खुर्चीपाशी पोचलो, आणि तिथे उभा असताना माझाही हात वर गेला. मी तो खाली घेतला नाही. साहेबांनी बघितलं. सभागृहाने बघितलं. बहिणीने बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. त्या हाताची अधिकृत नोंद ‘मोजणी अधिकाऱ्याने पंख्याची दिशा दाखवली’ अशी आहे, कारण मी उभा होतो आणि माझ्याखाली खुर्ची नव्हती.

निकाल साहेबांनी वाचून दाखवला. हरकतीच्या खुर्च्या अठ्ठावन्न. पाण्याच्या बाजूने तीनशे बेचाळीस. हरकत प्रचंड बहुमताने नामंजूर. शाळेचं पाणी आहे तेच राहील. मुलं खुर्च्यांवरून उतरली आणि सवयीने हात धरून उभी राहिली.

चिंगी माझ्यापाशी आली. “मामा, त्या खुर्च्यांवर कोण होतं?”

“कोणीच नव्हतं गं.”

“मग जिंकलं कोण?”

प्रसिद्धी अधिकारी म्हणून माझी ही शेवटची चौकशी. (माझी बदली गोदामात झाली आहे. तिथे काटा असतो, पण कोणी बोलत नाही.) चिंगीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंच असं ठरवून मी एकेका खुर्चीचा माग काढला. त्यातली एकही खुर्ची बेवारशी निघाली नाही. प्रत्येक कोणा ना कोणासाठी मांडलेली होती, आणि ती माणसं सगळी भली होती. त्यांना चिंगीचं ऐकून वाईट वाटलं होतं. कोणी ‘अरेरे’ म्हटलं होतं, कोणी साहेबांच्या चष्म्यावर आणि दप्तराच्या वजनावर मनापासून हसलं होतं.

तुम्ही जसे आता हसलात. तुमचीही होती. तिसरी रांग, पंख्याखाली, पुढे खांब नाही, चांगली जागा होती. ती शेवटपर्यंत शांत राहिली. मीच मोजली तिला, चिंगीच्या विरुद्ध, एक.